एका गुणाचा प्रश्न : हे पुस्तक कोणी लिहिले?

वसतिगृहात राहून शिकलेल्या प्रत्येकाच्या आठवणीत सामान्यज्ञानाची एक वही असते. कोणाच्या वहीला तपकिरी कव्हर, कोणाच्या वहीला वर्तमानपत्राचा कागद; आतला मजकूर मात्र बहुधा सारखाच. देश व राजधान्या, नद्या व त्यांची उगमस्थाने, शोध व संशोधक, आणि अगदी शेवटच्या पानांवर ‘प्रसिद्ध ग्रंथ व त्यांचे लेखक’. संध्याकाळच्या अभ्यासिकेत ही पाने आम्ही एका सुरात पाठ केली आहेत आणि पुढे शिक्षक झाल्यावर मुलांकडून पाठ करवूनही घेतली आहेत. ‘रॉबिन्सन क्रूसो – डॅनियल डिफो’, ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स – जोनाथन स्विफ्ट’, ‘फ्रँकेन्स्टाइन – मेरी शेली’, ‘जेन आयर – शार्लट ब्राँटे’, ‘अंकल टॉम्स केबिन – हॅरिएट बीचर स्टो’. प्रत्येक जोडीला एक गुण. अशा एकेका गुणाने आपल्यातील कित्येकांची निवड झाली आहे आणि कित्येकांची हुकली आहे. म्हणून या पाठांतराची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही.

तथापि ग्रंथ आणि लेखक यांच्यामध्ये जी छोटी आडवी रेघ असते, तिच्याविषयी काही लिहावे, असे या स्मरणिकेच्या निमित्ताने मनात आले. ती रेघ दिसते सरळ. वर उल्लेखिलेल्या पाच ग्रंथांपैकी चार ग्रंथ मात्र जेव्हा प्रथम छापले गेले, तेव्हा त्यांच्या शीर्षकपृष्ठावर आपण पाठ करतो ते नाव नव्हतेच. ‘हे पुस्तक कोणी लिहिले?’ हा प्रश्न आज एका गुणाचा आहे. एके काळी तो कोणासाठी खेळाचा होता, कोणासाठी अब्रूचा होता, आणि काहींसाठी तर आपण माणूस आहोत की नाही, एवढ्या मोलाचा होता.

प्रारंभ खेळापासून करू. १७१९ साली लंडनमध्ये ‘रॉबिन्सन क्रूसो’ प्रसिद्ध झाले, तेव्हा शीर्षकपृष्ठावर डिफोचे नाव कोठेही नव्हते. यॉर्क येथील एका खलाशाने निर्जन बेटावर अठ्ठावीस वर्षे एकट्याने कशी काढली, त्याची ही हकिकत असून ती ‘स्वतः त्यानेच लिहिलेली’ आहे, असे तेथे छापले होते. क्रूसो नावाचा असा कोणी लेखक नव्हता; तो साठीच्या घरात आलेल्या डिफोच्या कल्पनेतून जन्मला होता. तरी वाचकांनी ते पुस्तक डोक्यावर घेतले आणि अनेकांनी ती खरी हकिकत समजूनच वाचली. सात वर्षांनी, १७२६ मध्ये, जोनाथन स्विफ्टने हाच खेळ अधिक रंगवला. त्याचे पुस्तक ‘लेम्युएल गलिव्हर’ या प्रवाशाच्या नावाने निघाले आणि आरंभी त्या काल्पनिक गलिव्हरचे चित्रही छापले गेले. स्विफ्टला लपण्याचे कारण होते. बुटक्यांच्या राज्याच्या आडून त्याने इंग्लंडच्या सत्ताधाऱ्यांची टर उडवली होती, आणि खटल्याची धास्ती होती. हस्तलिखितसुद्धा प्रकाशकाकडे गुपचूप पोहोचवण्यात आले.

पुढच्या शतकात नावे लपवणाऱ्यांमध्ये स्त्रिया अधिक दिसतात, आणि त्यांचे कारण निराळे आहे. जेन ऑस्टेनचे पहिले पुस्तक १८११ मध्ये ‘एका स्त्रीकडून’ एवढ्याच ओळखीने निघाले. हयातीत तिच्या एकाही कादंबरीवर तिचे नाव आले नाही. ते तिच्या मृत्यूनंतर भावाने जाहीर केले. ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली निनावी छापले गेले, प्रस्तावना पतीने, म्हणजे कवी शेलीने, लिहून दिली होती, आणि पुस्तकही त्याचेच असणार, असे पुष्कळांनी धरून चालले. मेरी शेलीचे नाव आले ते १८२३ च्या दुसऱ्या आवृत्तीवर. ब्राँटे भगिनींनी करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशी टोपणनावे घेतली. ती पुरुषांची आहेत की स्त्रियांची, हे सहज कळू नये अशीच निवडलेली होती. तिन्ही ‘बेल’ म्हणजे एकच इसम, अशी वदंता उठली, तेव्हा १८४८ मध्ये शार्लट आणि ॲन या दोघी बहिणींना यॉर्कशायरहून लंडन गाठून प्रकाशकाच्या कचेरीत समक्ष उभे राहावे लागले. समोर उभ्या असलेल्या या लहानखुऱ्या बाई म्हणजेच ‘जेन आयर’चे लेखक, हे ध्यानी यायला त्या प्रकाशकाला काही क्षण लागले.

या साऱ्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नाव झाकावे की उघडावे, याची किल्ली थोडीबहुत तरी त्यांच्या हाती होती. घरात कागद होता, शाई होती, पुस्तकांची कपाटे होती. नाव उघड झाले तेव्हा समाजाला आश्चर्य वाटले असेल. ‘या जातीच्या माणसाला लिहिता येणेच शक्य नाही’ असे मात्र कोणी म्हटले नाही. असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, त्या लेखकांची नावे आमच्या त्या वहीत नव्हती. त्यांच्यापैकी तिघांची गोष्ट येथे सांगावयाची आहे.

पहिली फिलिस व्हीटली. १७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून गुलामांना घेऊन एक जहाज अमेरिकेतील बॉस्टन बंदराला लागले. त्या जहाजाचे नाव ‘फिलिस’. त्यातून उतरवलेल्या एका किरकोळ अंगाच्या मुलीचे पुढचे दात पडलेले होते, त्यावरून ती सात-आठ वर्षांची असावी असा अंदाज बांधण्यात आला. जॉन व्हीटली नावाच्या व्यापाऱ्याने तिला पत्नीच्या सेवेसाठी विकत घेतले. जहाजाचे नाव तेच मुलीचे नाव, मालकाचे आडनाव तेच तिचे आडनाव. आईबापांनी ठेवलेले नाव कोठेही नोंदलेले नाही. ज्या कवयित्रीच्या नावाची आपण चर्चा करीत आहोत, तिच्या नावातला एक शब्दही तिचा स्वतःचा नव्हता.

व्हीटली कुटुंबाने तिला वाचायला शिकवले, आणि हे त्या काळी अपवादात्मकच होते. दीड वर्षाच्या आत ती इंग्रजी बायबल वाचू लागली. पुढे लॅटिन शिकली. १७६७ मध्ये तिची पहिली कविता वर्तमानपत्रात आली. १७७० मध्ये एका विख्यात धर्मोपदेशकाच्या निधनावर तिने लिहिलेल्या विलापिकेने तिचे नाव दूरवर गेले. त्यानंतर कवितांचा संग्रह काढायचे ठरले. त्या काळच्या रीतीप्रमाणे आगाऊ वर्गणीदार मिळवण्यासाठी १७७२ मध्ये बॉस्टनमध्ये जाहिराती दिल्या, पण पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. अखेर लंडनचा एक प्रकाशक तयार झाला. त्याला मात्र हवा होता पुरावा : या कविता खरोखर या गुलाम मुलीनेच लिहिल्या आहेत, याचा.

तो पुरावा आजही त्या पुस्तकाच्या आरंभी छापलेला आहे. बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांच्या सह्यांचे ते निवेदन आहे. सही करणाऱ्यांत वसाहतीचे गव्हर्नर थॉमस हचिन्सन आहेत, उपगव्हर्नर आहेत, धर्मोपदेशक आहेत, पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ठळक सही करणारे जॉन हॅन्कॉक आहेत, आणि खुद्द मालक व्हीटलीही आहेत. काही वर्षांपूर्वी आफ्रिकेतून रानटी अवस्थेत आणलेली ही मुलगी असून, उत्तम परीक्षकांनी तिला तपासले आहे व या कविता लिहिण्यास ती समर्थ आहे, अशा आशयाचा तो दाखला आहे. अठरा जण अर्धवर्तुळात बसले आहेत आणि मधोमध उभी राहून ती मुलगी तोंडी परीक्षा देत आहे, असे चित्र पुढे अनेकांनी रंगवले. तशी बैठक भरल्याची नोंद मात्र सापडलेली नाही. बैठक झाली असो वा नसो, दाखला छापला गेला हे खरे. ‘दाखला’ या शब्दाचे वजन या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

१७७३ च्या सप्टेंबरात संग्रह निघाला. आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीने इंग्रजीत लिहिलेला हा पहिला छापील काव्यसंग्रह होय. आरंभी तिचे चित्र आहे : हातात पिसाची लेखणी, समोर कागद, नजर विचारात हरवलेली. आणि चित्राभोवतीच्या वर्तुळात तिच्या नावापुढे छापले आहे, ‘बॉस्टनच्या जॉन व्हीटली यांची नोकर’. त्याच वर्षी तिला गुलामीतून मुक्त करण्यात आले. पुढच्याच वर्षी तिचे एक पत्र वर्तमानपत्रांत छापले गेले. माणसाच्या मनात स्वातंत्र्याची ओढ निसर्गानेच ठेवलेली आहे, आणि स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी आरोळ्या देणारेच इतरांना दास्यात ठेवतात, ही विसंगती तिने त्यात सौम्य पण स्पष्ट शब्दांत दाखवून दिली. तिच्या कविता फार नम्र आहेत, मालकाच्या धर्माची स्तुती करतात, असा आक्षेप पुढच्या काळात घेतला गेला. आम्हांला तो पुरता न्याय्य वाटत नाही. अठरा सह्यांच्या आधाराने उभ्या असलेल्या विशीतल्या मुलीने आणखी किती मोठ्याने बोलावे, अशी अपेक्षा करायची?

सह्यांनीही काम पुरे झाले नाहीच. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सनने १७८५ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात, तिच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या रचना टीकेच्याही योग्यतेच्या नाहीत, असा शेरा मारला. त्याच्या अगोदरच, ५ डिसेंबर १७८४ रोजी, फिलिस दारिद्र्यात वारली होती. वय सुमारे एकतीस. दुसऱ्या संग्रहाची जाहिरात तिने १७७९ मध्ये दिली होती. तो कधीच निघाला नाही, आणि त्याचे हस्तलिखितही हरवले.

दुसरा लेखक फ्रेडरिक डग्लस. त्यांचा जन्म १८१८ च्या सुमाराचा, मेरीलँडमधील मळ्यावर. लहानपणी बाल्टिमोर शहरात आल्यावर मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली. मालकाने ते थांबवले. शिकलेला गुलाम ताब्यात राहत नाही, हे त्याचे कारण त्याने मुलासमोरच सांगितले, आणि शिकणे किती मोलाचे आहे, हे त्या मुलाला तेथेच समजले. पुढचे शिक्षण चोरून झाले. घरातून भाकरीचे तुकडे खिशात घालून न्यायचे आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना ते देऊन त्यांच्याकडून शब्द शिकून घ्यायचे. गोदीत सुतार जहाजाच्या लाकडांवर डाव्या-उजव्या बाजूच्या खुणेची अक्षरे लिहीत, ती पाहून हात वळवायचा. १८३८ मध्ये ते पळून उत्तरेत आले आणि तीन वर्षांनी गुलामगिरीविरोधी सभांमध्ये बोलू लागले.

येथे अडचण उलट बाजूने आली. ते इतके उत्तम बोलत की, हा माणूस गुलाम होता यावरच श्रोत्यांचा विश्वास बसेना. बोलण्यात मळ्यावरचा गावठीपणा थोडा राहू द्यावा, असा सल्ला त्यांच्या हितचिंतकांनीच दिला. तो त्यांनी मानला नाही. त्याऐवजी १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापले आणि त्यात मालकांची, मुकादमांची, गावांची खरी नावे लिहिली. शीर्षकातच शब्द घातले होते : ‘स्वतः लिहिलेले’. तरीही आरंभी दोन गोऱ्या कार्यकर्त्यांची शिफारसवजा लिखाणे होतीच. पहिल्या चार महिन्यांत सुमारे ५,००० प्रती खपल्या. खरी नावे दिल्यामुळे पकडले जाण्याचा धोका इतका वाढला की, त्यांना समुद्रापार आयर्लंड-इंग्लंडला जावे लागले, आणि तेथल्या मित्रांनी पैसे जमवून मालकाकडून त्यांची सुटका विकत घेतली तेव्हाच ते परतले. दरम्यान एक गंमत झाली. डेलावेअरच्या एका गृहस्थाने वर्तमानपत्रात लिहिले की, या गुलामाला आपण ओळखत होतो, तो अडाणी होता, असले पुस्तक त्याच्या हातून होणे नाही. डग्लसांनी जाहीर उत्तर देऊन त्या गृहस्थाचे आभार मानले. आपण खरोखरच गुलाम होतो, याची साक्ष एका गोऱ्या माणसाने आयतीच दिली होती!

वर्गात एकदा आम्ही या पुस्तकाचे संपूर्ण शीर्षक फळ्यावर लिहिले, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, “स्वतः लिहिले, हे वेगळे सांगावे का लागते?” आम्ही उत्तर जुळवत होतो, तोवर मागच्या बाकावरची तिची मैत्रीण म्हणाली, “आपण निबंध चांगला लिहिला की विचारतात ना, कुठून उतरवला म्हणून? तसंच असेल.” वर्ग हसला. आम्हांला मात्र हसता आले नाही, कारण तो प्रश्न विचारणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याच महिन्यात एका मुलाच्या वहीवर लाल शाईने तसा शेरा आम्हीच लिहिला होता. निबंध त्याचाच निघाला.

त्या दिवसापासून क्रूसोच्या शीर्षकपृष्ठावरील ते शब्द आम्हांला निराळे दिसू लागले. क्रूसो हा कधीच न जन्मलेला मनुष्य. ‘स्वतः लिहिलेले’ हे त्याच्या बाबतीत धडधडीत खोटे, आणि तरी कोणी अठरा सह्या मागितल्या नाहीत. डग्लसांच्या बाबतीत तेच शब्द अक्षरशः खरे, आणि त्यांना साक्षीदार लागले. यात आणखी एक बाब आहे. क्रूसोचे जहाज फुटले, ते कोणत्या सफरीवर असताना? ब्राझीलमधल्या मळ्यांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला तो निघाला होता. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत हा भाग बहुधा गाळलेला असतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत विलक्षण. आपल्या वहीतील हॅरिएट बीचर स्टो यांना सर्व जण ओळखतात. ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या सुमारे ३,००,००० प्रती खपल्या. त्याच वेळी आणखी एक हॅरिएट न्यूयॉर्क राज्यात एका साहित्यिकाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत होती. हॅरिएट जेकब्स तिचे नाव. स्टोबाईंनी गुलामगिरीविषयी लिहिले. या हॅरिएटने ती भोगली होती.

जेकब्सचा जन्म १८१३ चा, नॉर्थ कॅरोलायनातील ईडन्टन गावचा. पहिल्या मालकिणीने तिला लिहायला-वाचायला शिकवले. ती वारल्यावर ही मुलगी एका डॉक्टरच्या घरी गेली, आणि वयात येताच त्याची वाईट नजर तिच्यावर पडली. त्याच्या तावडीतून वाचण्यासाठी तिने गावातल्या दुसऱ्या एका गोऱ्या वकिलाचा आधार घेतला. त्याच्यापासून तिला दोन मुले झाली. तरीही छळ थांबेना, तेव्हा १८३५ मध्ये ती नाहीशी झाली. डॉक्टरने वर्तमानपत्रात जाहिरात दिली : पकडून देणाऱ्यास १०० डॉलर. ती उत्तरेकडे पळाली, अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात ती गावातच होती, आपल्या आजीच्या घराच्या छपराखालील पोकळीत. लांबी नऊ फूट, रुंदी सात फूट, आणि उंची, जेथे सर्वांत जास्त तेथे, तीन फूट. उभे राहणे अशक्य. उजेड नाही, वारा नाही. त्या जागेत तिने जवळजवळ सात वर्षे काढली. तेथे तिला एक गिरमिट सापडले. त्याने तिने फळीला बारीक भोके पाडली आणि त्यांतून खाली अंगणात खेळणारी आपली मुले ती पाहू लागली. आई डोक्यावर आहे, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते.

त्या काळोखात तिने लेखणीचा पहिला मोठा उपयोग केला, तो फसवण्यासाठी. ती डॉक्टरला पत्रे लिही, त्यांवर न्यूयॉर्कचा पत्ता व तारीख घाली, आणि विश्वासू माणसांकरवी ती पत्रे उत्तरेत नेऊन तेथून टपालात टाकण्याची व्यवस्था करी. डॉक्टर तिकडे शोध करीत राहिला.

१८४२ मध्ये ती निसटली. दहा वर्षांनी तिच्या मालकिणीने ३०० डॉलर देऊन तिची कायदेशीर सुटका करून घेतली. आपण आजवर ज्याची मालकी कोणालाच मान्य केली नाही, ते आपले अंग पैशाने विकत घेतले जावे, याचे तिला दुःखच झाले. एमी पोस्ट नावाच्या मैत्रिणीने तिला आपली कथा लिहिण्याचा आग्रह केला. स्वतः लिहिण्याचा धीर होईना, म्हणून तिने मैत्रिणीमार्फत स्टोबाईंना विचारले. स्टोबाईंनी दोन गोष्टी केल्या. ही हकिकत खरी आहे काय, हे पाहण्यासाठी ते सारे तिच्या मालकिणीला कळवले, जिला तिने मुलांच्या बापाविषयी कधी काही सांगितले नव्हते. आणि खरी असल्यास आपल्याच पुढच्या पुस्तकात तिचा उपयोग करू, असे सुचवले. स्टोबाईंच्या कादंबरीचे ऋण मान्य करूनही आम्हांला म्हणावेसे वाटते की, येथे त्यांचे चुकले. जेकब्सने कथा देण्यास नकार दिला आणि स्वतःच लिहायचे ठरवले.

दिवसभर घरातल्या मुलांची कामे. लिहायचे ते रात्री, मालक-मालकीण झोपल्यावर, त्यांना न कळू देता. १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात ‘एक पळालेली गुलाम’ म्हणून तिचे पहिले पत्र छापून आले. पुस्तक पुरे व्हायला त्यानंतर सुमारे पाच वर्षे लागली. प्रकाशकांच्या अटी त्याच जुन्या : कोणा नामांकिताची प्रस्तावना आणा. अखेर लिडिया मारिया चाइल्ड या नामवंत लेखिकेने संपादन व प्रस्तावना पत्करली. तेवढ्यात प्रकाशन संस्था बुडाली. तेव्हा जेकब्सने छपाईचे ओतीव ठसे स्वतः विकत घेतले आणि १८६१ च्या प्रारंभी पुस्तक स्वखर्चाने छापून घेतले. ‘एका गुलाम मुलीच्या आयुष्यातील प्रसंग’ हे त्याचे शीर्षक. खाली तेच शब्द, स्त्रीलिंगी रूपात : ‘स्वतः तिनेच लिहिलेले’. मात्र लेखिकेचे नाव नाही. आत ती ‘लिंडा ब्रेंट’ आहे आणि सर्वांचीच नावे बदललेली आहेत. ज्या गोष्टी तिने लिहिल्या, त्या उघड नावाने लिहिणे त्या काळच्या स्त्रीला शक्य नव्हते. शीर्षकपृष्ठावर छापलेले एकमेव नाव संपादिकेचे.

परिणाम व्हायचा तोच झाला. काही महिन्यांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, पुस्तक मागे पडले, आणि जेकब्स १८९७ मध्ये वारल्यानंतर लेखिका कोण, हेही लोक विसरत गेले. विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तर्क बांधला की, ही चाइल्डबाईंनी रचलेली कादंबरी असणार. सात वर्षे छपराखाली कोणी राहील काय? आणि गुलाम बाई इतके रेखीव लिहील काय? १९७२ मध्ये एका मान्यवर इतिहासकाराने, गुलामांच्या जीवनावरील आपल्या गाजलेल्या ग्रंथात, हे पुस्तक विश्वासार्ह नाही असा निर्वाळा दिला. विशेष म्हणजे ते इतिहासकार स्वतः कृष्णवर्णीय होते. वर्गातल्या त्या लाल शेऱ्यानंतर, त्यांना दोष देण्याचा आमचा अधिकार फारसा उरलेला नाही.

जीन फॅगन येलिन या प्राध्यापिकाही प्रथम हेच मानत होत्या. पुढे पुस्तक पुन्हा वाचताना त्यांना शंका आली, आणि त्यांनी जुन्या दप्तरांची वाट धरली. रोचेस्टर विद्यापीठात पोस्ट कुटुंबाचे कागद जतन केलेले होते. त्यांत जेकब्सने एमीला लिहिलेली पत्रे मिळाली. शुद्धलेखन कच्चे, विरामचिन्हे जवळपास नाहीत, पण पुस्तकातला आवाज तोच; आणि पुस्तक कसे लिहिले जात आहे याची वर्णने त्यांत होती. चाइल्डबाईंची पत्रेही उपलब्ध होती. संपादनात आपण मजकुराचा क्रम लावला, शेवटचे एक प्रकरण गाळायला सुचवले, भाषा मात्र फारशी बदलली नाही, असे त्यांवरून स्पष्ट झाले. मग पुस्तकातील प्रत्येक बनावट नावामागचे खरे माणूस शोधण्यात आले. डॉक्टर सापडला, वकील सापडला, आजीचे घर सापडले. छळणाऱ्या डॉक्टरने छापलेली १०० डॉलरची जाहिरात लेखिकेच्या बाजूची साक्षीदार झाली. हा शोध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने काढलेल्या आवृत्तीवर प्रथमच लेखिकेचे नाव सन्मानाने आले. पुस्तक निघून १२६ वर्षे झाली होती.

ही सर्व कथा दूर देशीची आहे. पण तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी त्याग केला, त्यांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केले. आणि न्यूयॉर्कमध्ये जेकब्स रात्रीची चोरून लिहीत होती, त्याच वर्षांत, म्हणजे १८५५ साली, फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापला गेला. तो तिच्या नावानिशी छापला गेला, टोपणनावाने नव्हे. आपल्या वहीतील ‘मराठी साहित्य’ या सदरात तिचे नाव होते काय, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. आमच्या वहीत नव्हते.

या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांसाठी सामान्यज्ञानाची नवी पुस्तिका करताना ‘अंकल टॉम्स केबिन’च्या खाली आम्ही तीन ओळी वाढवल्या. व्हीटली आणि डग्लस यांच्या ओळी सहज बसल्या. जेकब्सच्या ओळीपाशी अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने अडवले. ‘स्वतः तिनेच लिहिलेले’ हे शब्द ग्रंथाच्या रकान्यात घ्यायचे की लेखकाच्या, असे त्याने विचारले. शीर्षकाचा भाग आहेत, म्हणून ग्रंथाच्या रकान्यात घ्यायला सांगितले. ओळ लांब झाली आणि खाली उतरली. ती तशीच राहू दिली आहे.